कुकर माळ्यावर ठेवून भागणार नाही

पत्र

ताई, माझे मिस्टर लोकलचे मोटरमन आहेत. वय ४६. गेल्या डिसेंबरात सकाळच्या फास्ट लोकलखाली एक मुलगा आला. रूळ ओलांडत होता, कानात हेडफोन, पाठीला कॉलेजची बॅग. रनओव्हर त्यांच्या गाडीखाली आधीही झालेत. तेव्हा दोन-चार दिवस जेवण जायचं नाही, मग गाडी रुळावर यायची. या वेळी तसं झालंच नाही. “त्यानं शेवटी माझ्याकडे बघितलं,” एवढंच एकदा बोलले आणि विषय बंद.

रात्री दोन-तीनला ओरडून उठतात, हात ब्रेकवर असल्यासारखा घट्ट आवळलेला असतो. कुकरच्या शिट्टीला दचकतात म्हणून मी कुकर माळ्यावर टाकला, डाळ-भात पातेल्यात शिजवते. टीव्हीवरच्या बातम्या बंद. लाइनकडच्या खिडक्या बंद. मुलगा अकरावीला ठाण्याला जातो, त्याला लोकलनं जाऊ देत नाहीत. रेस्ट असला की स्वतः बाइकवरून सोडतात, नाहीतर बसनं जा म्हणतात. रोज रात्री क्वार्टर लागते. ड्युटीवर जातात, पण घरी आले की भिंतीकडे बघत बसतात. मुलाच्या वाढदिवसाला फोटोतसुद्धा आले नाहीत.

बरोबरचे म्हणतात, सवय होते. सासूबाई म्हणतात, त्या पोराची बाधा आहे, दोनदा उतारा टाकून झाला. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, “ऑफिसला कळलं तर गाडीवरून उतरवतील, वेडा ठरवतील.” परवा अचानक म्हणाले, “सर्वपित्रीला त्या मुलाच्या नावानं एक पान वाढूया का?” मला काय बोलावं सुचेना, मी आत जाऊन रडले. हे वेडाकडे चाललंय का? त्या विषयावर मी बोलू की नको? आणि पान वाढू की नको?

— एक वाचक, कल्याण

उत्तर

ताई, पानाचं आधी सांगते, कारण अमावास्या तोंडावर आली आहे. वाढा. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठीही त्या दिवशी घास ठेवतात, म्हणजे त्यांनी दिवस अगदी नेमका निवडलाय. इतक्या महिन्यांत त्या मुलाबद्दल ते आपणहून बोलले, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. फक्त एवढं बघा, की ते पान दुःखाचं असू दे, प्रायश्चित्ताचं नको. कावळा शिवला नाही तर “बघ, त्यानं मला माफ केलं नाही” असं त्यांच्या मनात येऊ शकतं. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा, की पान गाईला किंवा पक्ष्यांना घालायचं आणि वाट बघत गच्चीवर उभं राहायचं नाही. सासूबाईंनाही हेच सांगा. त्या उतारा टाकतात त्यावरून भांडू नका. लेकरासाठी जीव तुटतो म्हणून करतात त्या. पण “त्या पोरानं धरलंय” हे वाक्य त्यांच्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या, कानावर पडता कामा नये, हे मात्र निक्षून सांगा. जो माणूस आधीच स्वतःला दोषी धरून बसलाय, त्याला आईच्या तोंडून तीच शिक्षा ऐकू येते.

आता वेडाचं. नाही, हे वेडाकडे चाललेलं नाही. माणूस प्रत्यक्ष न बघता, नुसत्या पत्रावरून निदान करणं योग्य नाही आणि मी ते करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या मनात पहिलं नाव पीटीएसडीचं येईल, म्हणजे आघातानंतरच्या तणावाच्या विकाराचं. प्रसंग स्वप्नात पुन्हा पुन्हा घडतो, नुसता आठवत नाही. त्याची आठवण करून देणारं सगळं माणूस टाळत जातो. शरीर सतत सावध राहतं, दचकणं वाढतं, झोप उडते, चिडचिड होते. आणि मन एकीकडे स्वतःला दोष देतं, दुसरीकडे घरच्या माणसांपासूनही लांब जातं. वाढदिवसाच्या फोटोत न येणं हे त्यातलंच, तुम्ही ते रुसवा म्हणून घेऊ नका. असा प्रसंग घडल्यावर पहिले दोन-चार आठवडे हे सगळं होणं अगदी स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. एक महिना उलटून गेला आणि तरीही ते तितकंच राहिलं, रोजच्या जगण्यात आडवं यायला लागलं, की त्याला आजार म्हणायचं. तुमच्याकडे डिसेंबरपासून आता पितृपक्ष आलाय. “थोडे दिवस वाट बघू” म्हणण्याची वेळ मागे पडली.

हा आजार फक्त सैनिकांना होतो असा एक समज आहे. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८०मध्ये या नावानं त्याची नोंद केली, ती व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, म्हणून तसं झालं असेल. पण खरं सांगायचं तर वैद्यकशास्त्रानं याकडे नीट बघायला सुरुवात केली ती रेल्वेमुळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अपघातातून सहीसलामत सुटलेले प्रवासी काही आठवड्यांनी झोप न लागणं, थरथरणं, गाडीत बसायची भीती अशा तक्रारी घेऊन येऊ लागले. १८६६मध्ये एरिक्सन नावाच्या सर्जननं त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला वाटलं, बाहेरून दिसत नाही पण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मार बसलाय. चार्ल्स डिकन्स हा कादंबरीकार ९ जून १८६५ला स्टेपलहर्स्टच्या अपघातात सापडला होता. त्याला खरचटलंही नाही, जखमींना पाणी देत फिरला. पुढे आयुष्यभर गाडीत बसलं की त्याला मधूनच धडकी भरायची. हे मुद्दाम लिहिलं, कारण तुमच्या मिस्टरांना वाटत असेल की आपणच कच्चे निघालो.

बरोबरचे म्हणतात सवय होते, त्यांचंही खोटं नाही. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जिवानिशी जातात आणि त्यातली सर्वांत जास्त रूळ ओलांडताना. एवढ्या मृत्यूंच्या मागे कॅबमध्ये कुणीतरी बसलेला असतो. बरेचसे सावरतात. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या चालकांचा एक अभ्यास १९९२मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात साधारण सहापैकी एका चालकाला महिन्याभरानं पीटीएसडी आढळला आणि त्याहून कितीतरी जास्त जणांना उदासी किंवा भीतीचा त्रास आढळला. म्हणजे सवय झालेले असतात, तसे न झालेलेही असतातच, आणि ते सहसा लॉबीत, म्हणजे मोटरमन ड्युटीसाठी जमतात तिथे, तोंड उघडत नाहीत. आधीच्या वेळी झालं नाही ते या वेळी का झालं, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. कॉलेजची बॅग. तुमचा मुलगा अकरावीला. आणि ती शेवटची नजर. मेलेल्याचा चेहरा दिसला, त्यात आपलं माणूस दिसलं, की आघात खोल जातो. रेल्वे, अग्निशमन, पोलीस, कुठल्याही खात्यातल्या माणसांकडून हे ऐकायला मिळतं.

आता जरा तुम्हाला लागेल असं लिहिते. कुकर माळ्यावर, बातम्या बंद, खिडक्या बंद, मुलगा बसनं. तुम्ही हे सगळं प्रेमानं केलंत, कुणीही केलं असतं. पण आजाराला याच गोष्टी मानवतात.

असं बघा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण पितो तरी. दोन घोट पोटात गेले की त्याला कळतं, हे ताक आहे. या आजारात माणूस ताक तोंडालाच लावत नाही, त्यामुळे ते गार आहे हे कळायची संधीच मिळत नाही. मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग त्या सकाळी जो भडकला, त्यानं त्या क्षणी आसपास असलेलं सगळं धोक्याच्या यादीत टाकलं. आवाज, उजेड, कॉलेजच्या वयाची मुलं, कॉलेजची बॅग. या यादीतल्या एखाद्या गोष्टीपाशी थांबून “काही झालं नाही” असा अनुभव येतो, तेव्हा ती गोष्ट यादीतून हळूहळू उतरते. टाळलं, की त्या क्षणापुरतं हायसं वाटतं आणि यादी आणखी पक्की होते. तुमच्याकडे ती वाढत चालली आहे हे तुम्हीच लिहिलंय. आधी शिट्टी, मग बातम्या, मग खिडक्या, मग मुलाचा पास. उद्या आणखी काही असेल.

म्हणून कुकर खाली काढा. लगेच नको आणि त्यांच्या नकळत तर मुळीच नको. आधी सांगा, “उद्यापासून कुकर लावणार आहे, लावायच्या आधी तुम्हाला सांगेन.” ते घरात असताना लावा, स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले तर उत्तम, नाही आले तर बाहेरच्या खोलीत बसू देत. पहिल्या शिट्टीला दचकतील, घाम येईल. तेव्हा धावत जाऊन गॅस बंद करू नका. तिन्ही शिट्ट्या होऊ द्या, भात शिजू द्या. चार-पाच दिवसांनी दचकणं तेच राहिलं तरी ते लवकर निवतं, हे त्यांचं त्यांनाच जाणवेल. खिडक्यांचंही असंच, एक पाकळी, मग दुसरी. घरात करण्यासारखं एवढंच. त्या जागेवर घेऊन जाणं, त्या दिवसाबद्दल खोदून विचारणं, अपघाताचे व्हिडिओ दाखवून “भीती मोडणं” असले प्रयोग कुणी सुचवले तर हात जोडा. ते काम उपचार करणाऱ्याचं, आणि तेही पायरीपायरीनं.

मुलाचं मात्र लांबवू नका. कल्याण ते ठाणे बाइकवरून रोज नेण्यापेक्षा लोकल कितीतरी सुरक्षित, हे मोटरमनला मी काय सांगायचं! त्याला विश्वासात घ्या. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे, घरात काय चाललंय हे त्याला दिसतंच, फक्त कुणी त्याला सांगितलेलं नाही. “बाबांच्या गाडीखाली तुझ्याएवढा मुलगा आला होता, बाबांना त्याच्यात तू दिसतोस, त्यावर आता उपचार घ्यायचेत,” इतकं साधं सांगितलं तरी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. बरेचदा अशा घरातल्या मुलांना वाटत असतं, की बाबा आपल्यावरच नाराज आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न, बोलू की नको. तुम्ही बहुतेक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असणार, “अहो, तुमची काही चूक नव्हती.” शंभर वेळा म्हटलं तरी ते उतरत नाही, याचं कारण आहे. त्यांच्या डोक्यात रात्रंदिवस खटला चालू आहे आणि त्यात साक्षीदार तेच, आरोपी तेच, न्यायाधीशही तेच. बाहेरून कुणी “निर्दोष” म्हटलं, की त्यांना वाटतं, हिला काय माहीत, ही तिथे नव्हती. वरून तो विषय तिथेच मिटतो, म्हणजे पुन्हा टाळणंच झालं.

आकडे तुम्हाला ठाऊक असावेत म्हणून देते. लोकल ताशी ९० किलोमीटरनं जात असेल तर सेकंदाला २५ मीटर कापते. समोरचा माणूस शंभर मीटरवर दिसला तर हातात चार सेकंद. त्यातलं एखादं सेकंद दिसणं आणि हात हलणं यात जातं. भरलेली बारा डब्यांची गाडी इमर्जन्सी ब्रेक लावल्यावरही थांबायला तीनशे मीटरच्या आसपास घेते. म्हणजे ब्रेक कितीही लवकर मारला असता तरी त्या अंतरात गाडी थांबणं शक्यच नव्हतं. हे गणित तुमच्या मिस्टरांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं, तेच तर त्यांचं काम. पण ते त्यांनी स्वतः, स्वतःच्या तोंडून, त्या सकाळच्या प्रत्येक सेकंदासह मांडल्याशिवाय उपयोगाचं नाही. उपचारात नेमकं हेच होतं. घरात तुम्ही दिलासा देऊ नका, जागा द्या. “पान वाढू या. त्या मुलाबद्दल काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन, मधे बोलणार नाही.” एवढंच. बोलले तर खरोखर मधे बोलू नका, आणि गप्प राहिले तर विचारू नका. रडले तर रडू द्या.

आता उपचाराचं. या आजारावर सर्वांत जास्त पुरावा आहे तो आघातावर केंद्रित मानसोपचारांना. एका पद्धतीत रुग्ण तो प्रसंग वर्तमानकाळात, डोळे मिटून, तपशिलानं पुन्हा पुन्हा सांगतो. रेकॉर्डिंग घरी ऐकतो, आणि जे टाळलंय त्याकडे ठरवून हळूहळू जातो. दुसरी पद्धत इएमडीआर. तिच्यात प्रसंग मनात धरून उपचारकाच्या हलत्या बोटामागे नजर फिरवायची असते. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, पण जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलेली आहे. साधारण आठ ते सोळा भेटी, आठवड्याला एक. पहिल्या तीन-चार भेटींनंतर स्वप्नं वाढल्यासारखी वाटू शकतात, तेव्हा “हे काही मानवत नाही” म्हणून सोडून देणारे खूप. तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

औषधंही आहेत. सर्ट्रालिनसारख्या गोळ्या या आजारात वापरतात. त्यांची सवय लागत नाही, मात्र परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नसतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-शांततेच्या गोळ्या मेडिकलवाल्याच्या ओळखीनं घेऊ नका. पीटीएसडीत त्या देऊ नयेत असाच सल्ला आहे. सवय लागते, दिवसा सुस्ती राहते, आणि हा माणूस हजारो प्रवाशांची गाडी चालवतो.

दारूचंही तेच. क्वार्टरनं झोप लागते असं वाटतं, पण पहाटेची झोप तीच मोडते, आणि वाईट स्वप्नं त्याच वेळची. पहाटेच्या साइन-ऑनला, म्हणजे ड्युटीवर हजर होताना, ब्रेथ टेस्ट असते. आज ना उद्या तिथे अडकले तर आजार राहील बाजूला आणि दारूची केस होईल. मग “मी आजारी होतो” म्हणायला कुणी ऐकणार नाही. म्हणून उपचाराला उशीर करण्यात नोकरीची सुरक्षितता आहे, हा त्यांचा हिशेब मला उलटा वाटतो. मात्र इतके महिने रोज घेत असतील तर एका रात्रीत तोडायला सांगू नका. थरथर, घाम, क्वचित फिट येऊ शकते. डॉक्टरांना सांगून कमी करायची.

आता खरी भीती, गाडीवरून उतरवतील. खोटा दिलासा देत नाही. उपचार सुरू झाले की काही काळ गाडीपासून दूर ठेवतील, आणि ते योग्यच आहे. रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हातात हँडल असू नये, हे तेही मान्य करतील. त्या काळात रनिंग अलाउन्स, म्हणजे गाडी चालवण्याचा भत्ता, बुडेल, घरखर्चाला ओढ लागेल, ती तजवीज आत्ताच करा. पण हे तात्पुरतं असतं. बरं वाटल्यावर फिट सर्टिफिकेट घेऊन पुन्हा गाडीवर जाता येतं. अगदी वाईटात वाईट धरलं आणि रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत वरच्या श्रेणीतून खाली आले, तरी नोकरी जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, त्याच्या कलम २०नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही, आणि ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं द्यावं लागतं. रेल्वेचे स्वतःचे पर्यायी नोकरीचे नियम आहेतच, लॉबीतल्या युनियनवाल्यांना ते तोंडपाठ असतात. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७नं उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलंय, काही ठरावीक अपवाद सोडून. “वेडा ठरवतील” या धास्तीला कायद्यात जागा नाही. लोकांच्या तोंडात आहे, तिथे ती राहणारच, तिचा बंदोबस्त माझ्याकडेही नाही.

मार्ग दोन. एक रेल्वेचा. कल्याणचं रेल्वे हॉस्पिटल, तिथून भायखळ्याचं बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय. सिकमध्ये, म्हणजे आजारपणाच्या रजेवर, जाऊन रीतसर उपचार घेतले की कागद तयार होतो, आणि हा आजार ड्युटीवरच्या प्रसंगातून आला हे नोंदीवर येतं. पुढे तेच कामी येतं. दुसरा बाहेरचा. केईएम, सायन, नायर यांच्या मानसोपचार ओपीडी, किंवा जवळ हवं तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. त्या नावाला बिचकू नका, तिथेही ओपीडीत दाखवून माणसं घरी जातात. मी तुमच्या जागी असते तर रेल्वेचाच रस्ता धरला असता. ते तयार नसतील तर आधी बाहेर दाखवा, उपचार सुरू होणं महत्त्वाचं. फक्त बाहेरची औषधं लपवून गाडी चालवायची नाही, ही अट घाला.

रात्री ओरडून उठतात तेव्हा अंगावर हात ठेवून गदागदा हलवू नका. स्वप्नात तुमचा हात कुणाचा आहे हे त्यांना कळत नाही, आणि जोरात फटकारलं जाऊ शकतं. दिवा लावा, दोन पावलं लांब उभं राहून हाक मारा, नेहमीच्या आवाजात. “अहो, आपण घरी आहोत. कल्याण. आज गुरुवार. तुम्हाला उद्या रेस्ट आहे.” पाय फरशीवर टेकवायला सांगा, गार पाणी हातात द्या, खोलीतल्या चार वस्तूंची नावं घ्यायला लावा. मग स्वप्न काय होतं ते विचारू नका, सकाळी सांगितलं तर ऐका.

एक गोष्ट मात्र त्यांना सरळ विचारा, घुमवून-फिरवून नको. “कधी जगू नये असं मनात येतं का?” विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. “हो” म्हणाले, किंवा गप्प झाले आणि डोळे भरले, तर ओपीडीचा वार बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलात न्या, एकट्याला सोडू नका, कामावर जाऊ देऊ नका. रात्री-अपरात्री बोलायला टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिथे फोन तुम्हीही करू शकता, स्वतःसाठी. डिसेंबरपासून त्यांच्याबरोबर तुमचीही झोप मोडते आहे, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

पहिल्या भेटीला जाताना त्यांच्या पुढच्या रेस्टचा वार धरा, अर्धी रजा काढून धावत नको. एका कागदावर तुमच्या भाषेत लिहून न्या. कधीपासून, आठवड्यात किती रात्री उठतात, काय काय टाळतात, रोज किती पितात. दारूचा आकडा खरा लिहा, कमी करून नको, गोळीचं प्रमाण त्यावर ठरतं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं. त्या दिवशीच्या मेमोची किंवा पोलिसांना दिलेल्या जबाबाची प्रत घरात असेल तर तीही पिशवीत टाका. डॉक्टरांनी दोघांना एकदम बोलावलं तरी दहा मिनिटं त्यांना एकट्याला बोलू द्या, आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.